बाईकवरचं गाणं फाटतं का? जास्त वॅटचा स्पीकर घेण्याआधी हे समजून घ्या

सिग्नलला उभ्या असलेल्या बाईकवर गाणं एकदम मस्त वाजत असतं. सिग्नल सुटतो, गाडी साठच्या पुढे जाते आणि तेच गाणं ऐकू येईनासं होतं. मग चालवणारा आवाज वाढवतो. आवाज वाढतो खरा, पण गायकाचा गळा बसल्यासारखा वाटतो, ढोलकीच्या जागी नुसती भद्द-भद्द ऐकू येते आणि 'स', 'श' ही अक्षरं कानाला टोचायला लागतात. आपल्या भाषेत सांगायचं तर आवाज 'फाटतो'.

बहुतेक जण यावर एकच उपाय करतात. बाजारात जायचं, खोक्यावर जास्तीत जास्त वॅट छापलेला स्पीकर आणायचा आणि बसवायचा. आठवड्याभरात लक्षात येतं की पैसे गेले, आवाज मात्र तसाच फाटतोय. कधी कधी सकाळी बॅटरीच डाऊन झालेली असते.

असं का होतं? स्पीकर खराब असतो म्हणून? कधी कधी तेही असतं. पण बहुतेक वेळा दोष स्पीकरच्या आधीच्या टप्प्यात असतो. बाईकवर स्वच्छ आवाज कसा मिळतो, त्यासाठी पैसे कुठे घालावेत आणि कुठे घालू नयेत, हे आज नीट समजून घेऊया.

बाईक आणि गाणं, हे नातं कधीपासूनचं?

बाईकवर गाणी ऐकण्याची हौस मुळात अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या प्रवासातून आली. दिवसाला पाचशे-सातशे किलोमीटर सरळसोट हायवे कापायचा, तर सोबतीला काहीतरी हवंच. होंडाची गोल्ड विंग १९७५ मध्ये बाजारात आली तेव्हा तिला पुढे काच किंवा कव्हरसुद्धा नव्हतं. १९८० मध्ये इंटरस्टेट हे मॉडेल आलं. त्यावर कंपनीनेच पुढचं मोठं कव्हर, म्हणजे फेअरिंग, आणि सामानाचे बॉक्स बसवले होते. ऑडिओ सिस्टीमही वेगळे पैसे भरून घेता यायची. पुढे २०१८ ची गोल्ड विंग ही अॅपल कारप्ले असलेली पहिली मोटरसायकल ठरली.

हार्ले-डेव्हिडसनची वटवाघळाच्या पंखांसारखी दिसणारी 'बॅटविंग' फेअरिंग १९६९ पासूनची. हँडलसमोरच्या या मोठ्या कव्हरमध्ये स्पीकर बसवायला आयती जागा मिळाली. मागे दोन्ही बाजूंना पेट्या असलेल्या अशा बाईकला तिकडे 'बॅगर' म्हणतात. बॅगरवरची ऑडिओ सिस्टीम बदलणं हा अमेरिकेत एक मोठा छंद आहे आणि खास या बाईकसाठी स्पीकर आणि अॅम्प्लिफायर बनवणारा वेगळा उद्योगही आहे.

आपल्याकडे अशा बाईक मोजक्याच. पण बुलेटच्या क्रॅश गार्डला, स्कूटरच्या पुढच्या पॅनेलला किंवा अॅडव्हेंचर बाईकच्या हँडलला स्पीकर लावणारे भरपूर दिसतात. बाईक कुठलीही असली, तरी आवाजाचं शास्त्र तेच राहतं.

कारमध्ये छान वाजतं, मग बाईकवर का नाही?

कारच्या काचा बंद केल्या की ती एक छोटी खोली होते. बाहेरचा गोंगाट कमी होतो आणि आतला आवाज आतच राहतो. बंद जागेत बास तर आपोआप वाढतो. बाईकला यातलं काहीच मिळत नाही. स्पीकरमधून निघालेला आवाज मोकळ्या हवेत पसरतो आणि त्यातला थोडासाच तुमच्या कानापर्यंत येतो.

त्यात वारा आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो. या आवाजाचा बराचसा भाग घुमणारा, खर्जातला असतो. इंजिनाची धडधड आणि टायरचा घरघराटही त्याच पट्ट्यात येतात. म्हणजे गाण्यातला बास सगळ्यात आधी या गोंगाटात बुडतो.

दुसऱ्या बाजूने हेल्मेटचं थर्माकोल आणि अस्तर गाण्यातले बारीक, वरच्या पट्टीतले आवाज अडवतं. शब्द कळतात ते मुख्यतः याच बारीक आवाजांमुळे. बास वाऱ्याने खाल्ला, शब्द हेल्मेटने खाल्ले आणि हातात उरला तो मधला गोंधळ. म्हणून हात पुन्हा पुन्हा आवाज वाढवायला जातो. आवाज फाटायला सुरुवात होते ती इथेच.

'फाटणं' म्हणजे नेमकं काय?

गाणं म्हणजे विजेच्या भाषेत वर-खाली होणारी लाट. अॅम्प्लिफायरचं काम ती लाट जशीच्या तशी मोठी करणं. पण तो किती मोठी करू शकतो याला मर्यादा असते, कारण त्याला मिळणारा व्होल्टेज मर्यादित असतो.

कमी उंचीच्या माळ्यावर उंच माणूस उभा राहिला तर काय होईल? डोकं छताला लागेल आणि मान वाकवावी लागेल. लाटेचंही तसंच होतं. आवाज वाढवत नेला की लाटेचं टोक अॅम्प्लिफायरच्या 'छताला' लागतं आणि तिथून सपाट कापलं जातं. यालाच 'क्लिपिंग' म्हणतात.

कापलेल्या लाटेतून दोन भानगडी होतात. एक म्हणजे मूळ गाण्यात नसलेले कर्कश, वरच्या पट्टीतले आवाज तयार होतात. कानाला टोचतं ते हेच. दुसरं म्हणजे स्पीकरमध्ये जाणारी सरासरी शक्ती वाढते. पूर्ण चौकोनी झालेल्या लाटेत तेवढ्याच उंचीच्या गोलाकार लाटेच्या दुप्पट शक्ती असते. ती स्पीकरच्या आतल्या तारेच्या गुंडाळीत उष्णता होऊन बसते. छोटा ट्वीटर अशाने आधी जळतो.

म्हणूनच अनेकांना कोडं पडतं की, "माझा स्पीकर १०० वॅटचा, अॅम्प्लिफायर फक्त ४० वॅटचा, तरी स्पीकर उडाला कसा?" लहान अॅम्प्लिफायर सतत त्याच्या ताकदीपलीकडे ताणला की असं होऊ शकतं. वर पुरेशी मोकळी जागा असलेला, थोडा मोठा आणि ताण न पडता वाजणारा अॅम्प्लिफायर स्पीकरसाठी जास्त सुरक्षित असतो.

खोक्यावरचे वॅट आणि खरे वॅट

स्वस्त स्पीकरच्या खोक्यावर ५००, १००० असे आकडे ठळक छापलेले असतात. ते बहुतेक 'पीक' किंवा 'मॅक्स' पॉवरचे असतात, म्हणजे क्षणभरासाठीचा दावा. तुम्ही 'आरएमएस' हा शब्द शोधा. सतत किती वॅट झेपतील, ते हा आकडा सांगतो. आरएमएस कुठेच लिहिलेलं नसेल, तर तो स्पीकर दुकानातच ठेवलेला बरा.

वॅट दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट, हाही एक गैरसमज. शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. हा फरक कळतो, पण फार मोठा वाटत नाही. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढ लागते आणि त्यासाठी शक्ती दहापट करावी लागते. ५० वॅटवरून १०० वर गेल्यावर "एवढे पैसे घालून फरक कुठे पडला?" असं वाटतं, ते यामुळेच.

मग वॅटपेक्षा काय बघायचं? 'सेन्सिटिव्हिटी'. एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, तो हा आकडा. समजा एक स्पीकर ८७ डेसिबलचा आहे आणि दुसरा ९३ डेसिबलचा. फरक ६ डेसिबलचा, म्हणजे शक्तीच्या हिशेबात चौपट. दुसरा स्पीकर ५० वॅटवर जेवढा आवाज देईल, तेवढ्यासाठी पहिल्याला २०० वॅट लागतील.

घरात वीज भरपूर असते, त्यामुळे हा फरक चालून जातो. बाईकवर वीज मोजकीच असते. म्हणून बॅगरसाठी बनवलेल्या स्पीकरमध्ये जास्त सेन्सिटिव्हिटीला महत्त्व देतात आणि बऱ्याच वेळा भोंग्यासारखा आकार असलेला ट्वीटर वापरतात. भोंगा आवाज एका दिशेला एकवटून फेकतो.

आता मुख्य प्रश्न: वीज येणार कुठून?

समजा तुम्ही २०० वॅट आरएमएसचा अॅम्प्लिफायर घेतला. आजकालचे 'क्लास डी' अॅम्प्लिफायर साधारण ८० टक्के कार्यक्षम धरले, तर पूर्ण जोरात वाजताना ते २५० वॅट ओढतील. साडेतेरा व्होल्टच्या हिशेबाने हा करंट झाला साधारण साडेअठरा अँपिअर. गाणं सतत पूर्ण जोरात नसतं, त्यामुळे सरासरी बरीच कमी येते. पण ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला तेवढी मागणी क्षणभर होतेच.

हार्लेच्या टूरिंग बाईकचा अल्टरनेटर ५० अँपिअरच्या आसपासचा असतो, तिथे हे खपून जातं. आपल्या नेहमीच्या १००-१५० सीसी बाईकची वीज बनवण्याची क्षमता त्याच्या मानाने अगदी छोटी. त्यातच १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असताना कायम सुरू राहतो. बीएस-६ नंतर फ्युएल इंजेक्शन आलं, म्हणजे इंधनाचा पंप आणि कॉम्प्युटरही त्याच विजेवर चालतात. त्यांना वीज कमी पडली तर गाणं बंद पडण्यापुरतं प्रकरण राहत नाही, गाडीच कुरकुरायला लागते.

साधी चाचणी घरीच करता येते. मल्टिमीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावा. गाडी बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. गाडी चालू करून थोडी रेस दिल्यावर आकडा साधारण साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान यायला हवा. आता हेडलाइट चालू, गाणं नेहमीच्या जोरात आणि गाडी न्यूट्रलवर मंद चालू ठेवा. आकडा १२.८ च्या खाली जाऊन तिथेच राहिला, तर समजा की तुम्ही बॅटरीतली शिल्लक खाताय. रोजच्या ट्रॅफिकमध्ये असंच चाललं तर एक दिवस स्टार्टर फिरणार नाही.

व्होल्टेज खाली आलं की अनेक अॅम्प्लिफायरचं 'छत'ही खाली येतं आणि आवाज आणखी लवकर फाटतो. म्हणजे वीज कमी पडली तर महागातला अॅम्प्लिफायरही स्वस्तातल्यासारखाच वाजतो.

बास कमी करा, आवाज वाढेल

हे ऐकायला उलटं वाटतं, पण बाईकवर सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो, आणि बहुतेक वेळा फुकटात.

स्पीकरचा पडदा पुढे-मागे हलतो तेव्हा आवाज होतो. तेवढ्याच जोराचा आवाज एक सप्तक खाली वाजवायचा, तर पडद्याला चौपट हलावं लागतं. १६० हर्ट्झवर पडदा एक मिलिमीटर हलत असेल, तर ८० हर्ट्झवर चार मिलिमीटर आणि ४० हर्ट्झवर सोळा मिलिमीटर. सहा-साडेसहा इंची स्पीकरला हे झेपतच नाही. पडदा टोकाला जाऊन आपटतो आणि त्याच वेळी वाजणारा गायकाचा आवाजही थरथरतो.

शिवाय इतका खालचा बास चालत्या बाईकवर वाऱ्याच्या घोंघावण्यात ऐकूच येत नाही. स्पीकर ज्या आवाजासाठी जीव काढतोय, तो तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही.

उपाय म्हणजे अॅम्प्लिफायरवरचा 'हाय-पास फिल्टर'. तो ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास लावा, स्पीकर छोटा असेल तर त्याहून थोडा वर. त्याखालचे सूर स्पीकरकडे कमी जातील. वाचलेली ताकद गळा, गिटार, हार्मोनियम यांना मिळेल आणि आवाज फाटायच्या आधी बराच वर नेता येईल. फोनमधलं 'बास बूस्ट' तर आधी बंद करा.

गडबड गाण्याच्या फाइलपासूनही असू शकते

व्हॉट्सअॅपवर फिरून फिरून आलेली गाण्याची फाइल किंवा व्हिडिओवरून उतरवलेलं गाणं आधीच दाबलेलं असतं. ते कितीही भारी सिस्टीमवर लावलं, तरी मुळात गेलेले बारकावे परत येत नाहीत. गाण्यांच्या अॅपमध्ये स्ट्रीमिंगचा दर्जा 'हाय'वर ठेवा. हायवेवर नेटवर्क जात असेल तर गाणी आधीच डाऊनलोड करून घ्या.

ब्लूटूथवर जोडताना फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त बाईकच्या युनिटवरून करा. फोनचा आवाज कमी ठेवून पुढे अॅम्प्लिफायरने खेचला, तर गाण्याबरोबर मागची खरखरही मोठी होते.

मोठ्या टूरिंग बाईकवर आणखी एक अडचण असते. कंपनीचा रेडिओ मूळ स्पीकर वाचावेत म्हणून आवाज वाढताना बास आपोआप कापतो. नवे स्पीकर लावले तरी रेडिओ जुन्याच हिशेबाने वागतो. हार्लेच्या २०१४ नंतरच्या 'बूम बॉक्स' सिस्टीममध्ये ही सेटिंग डीलरकडच्या सॉफ्टवेअरने बदलावी लागते. नाहीतर मध्ये 'डीएसपी' नावाचं छोटं यंत्र बसवून आवाज पुन्हा सरळ करून घ्यावा लागतो.

स्पीकर बसवताना काय बघायचं?

स्पीकर पुढे आवाज फेकतो तसाच मागेही फेकतो आणि हे दोन आवाज एकमेकांच्या उलट असतात. पुढचा पडदा हवा ढकलतो तेव्हा मागची बाजू हवा ओढते. दोन्ही आवाज एकत्र आले की खालचे सूर एकमेकांना खोडतात. म्हणून स्पीकरच्या मागची जागा बंदिस्त हवी. कडेला फोमची गॅस्केट लावा, वायर जातात ती भोकं बुजवा. फेअरिंगमध्ये फट राहिली तर मोठा स्पीकरही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो.

दिशाही महत्त्वाची. बास सगळीकडे पसरतो, पण बारीक आवाज सरळ रेषेत जातात. ट्वीटरचं तोंड छातीकडे किंवा टाकीकडे असेल तर शब्द तिथेच जिरतात. शक्य असेल तिथे ते कानाच्या दिशेने वळवा. पुढच्या काचेची उंचीही बघा. वारा हेल्मेटवर आदळण्याऐवजी डोक्यावरून गेला, तर स्पीकर न बदलताही गाणं जास्त स्पष्ट ऐकू येतं.

आपल्याकडे पाऊस चार महिने असतो, हे विसरून चालणार नाही. कागदी पडद्याचा कारचा स्पीकर बाईकवर एक पावसाळा काढणं कठीण. प्लास्टिकचा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा पडदा आणि रबरी कड असलेला, बोटींसाठीच्या दर्जाचा स्पीकर घ्या. खोक्यावर 'आयपीएक्स ५' म्हणजे पाण्याच्या फवाऱ्याला टिकणारा. 'आयपी ६७' म्हणजे धूळ आत न जाणारा आणि ठरावीक खोलीच्या पाण्यात थोडा वेळ बुडूनही टिकणारा. अॅम्प्लिफायर मात्र पाणी थेट लागणार नाही, पण हवा लागेल अशाच जागी ठेवा. तो तापतो.

शेवटची गोष्ट हादरे. बुलेटसारख्या इंजिनाच्या थरथराटात साधे नट सहा महिन्यांत सैल होतात आणि खडखडाटाला आपण 'स्पीकर फाटला' म्हणतो. आत नायलॉनची कडी असलेले लॉक नट वापरा.

वायरिंग: इथे काटकसर नको

बाईकवरची गाणी महागात पडण्याचं सगळ्यात वाईट कारण म्हणजे वायरिंग. अॅम्प्लिफायरची लाल वायर थेट बॅटरीवरून घ्यावी लागते आणि बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज हवा. तो अॅम्प्लिफायरचं रक्षण करण्यासाठी नसतो. वायर कुठे घासून बॉडीला लागली तर ती पेटू नये, यासाठी असतो. बाईकवर वायर पेट्रोलच्या टाकीखालून जाते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. फ्यूजऐवजी तार गुंडाळून 'जुगाड' करणाऱ्याकडून गाडी परत घ्या.

वायरची जाडीही हिशेबात हवी. बारीक वायरमध्ये व्होल्टेज वाटेतच खर्च होतं, वायर तापते आणि अॅम्प्लिफायरपर्यंत कमी वीज पोहोचते. गाडीची मूळ वायरिंग कापून जोड देण्याऐवजी वेगळी वायर ओढा. कंपनीची वायरिंग कापल्यावर वॉरंटीवरून वाद होऊ शकतो.

अॅक्सिलरेटर पिळला की स्पीकरमधून 'कुंईईई' असा चढत जाणारा आवाज येतो का? तो गाण्याचा नसून चार्जिंगचा आहे. बहुतेक वेळा अर्थिंग नीट नसतं किंवा दोन वेगवेगळ्या ठिकाणी दिलेलं असतं. सगळी अर्थिंग एकाच जागी, शक्यतो बॅटरीच्या निगेटिव्हलाच आणा. चासीवर द्यायची तर रंग खरवडून उघड्या लोखंडावर द्या. गाण्याच्या सिग्नलची केबल आणि विजेची जाड वायर एकाच पट्टीत बांधू नका, वेगवेगळ्या बाजूंनी न्या.

गेन म्हणजे आवाजाचं बटण नाही

अॅम्प्लिफायरवर 'गेन' नावाचा एक छोटा खटका असतो. बरेच मेकॅनिक तो पूर्ण फिरवून देतात, गिऱ्हाईक खूश. नवी सिस्टीम पहिल्या दिवसापासून फाटण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. गेनचं काम आवाज वाढवणं नाही. रेडिओकडून येणारा सिग्नल आणि अॅम्प्लिफायर यांचा मेळ घालणं, एवढंच त्याचं काम.

तो लावायची पद्धत सोपी आहे. आधी गणित करा. अॅम्प्लिफायरचे प्रत्येक चॅनेलचे आरएमएस वॅट गुणिले स्पीकरचे ओहम, आणि त्याचं वर्गमूळ काढा. ५० वॅट आणि ४ ओहम असेल तर २०० चं वर्गमूळ, म्हणजे साधारण १४.१ व्होल्ट.

आता स्पीकरच्या वायर काढून ठेवा. बास, ट्रेबल सगळं शून्यावर आणा आणि फिल्टर बंद करा. रेडिओचा आवाज पाऊणपर्यंत न्या. फोनवर पूर्ण पातळीचा, १०० ते ४०० हर्ट्झच्या दरम्यानचा एकसुरी टोन लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अॅम्प्लिफायरच्या स्पीकर टोकांना लावा. गेन शून्यापासून हळूहळू वाढवा आणि आकडा १४.१ ला आला की थांबा. मग फिल्टर चालू करा, स्पीकर जोडा. यापुढे गेनला हात लावायचा नाही.

ओहमकडेही लक्ष द्या. अॅम्प्लिफायर कमीत कमी ४ ओहमसाठी बनवलेला असेल आणि तुम्ही २ ओहमचा स्पीकर जोडला, तर तो जास्त करंट ओढेल, तापेल आणि बंद पडेल किंवा जळेल.

कान एकच जोडी मिळते

आता सगळ्यात महत्त्वाचं. आवाज फाटत नाही म्हणजे तो सुरक्षित आहे, असं नाही. उलट स्वच्छ आवाज टोचत नसल्यामुळे तो किती मोठा झालाय, हे कळतच नाही.

अमेरिकेतल्या नायोश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून ८ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. पुण्याहून कोल्हापूरला बाईकने जायला चार-पाच तास लागतात. त्या हिशेबाने नुसता वाराच आपला कोटा संपवतो. त्यावर मात करायला गाणं वाऱ्याएवढंच मोठं केलं, तर एकूण आवाज आणखी ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे सुरक्षित वेळ पुन्हा निम्मी. आवाजाने झालेलं बहिरेपण औषधाने परत येत नाही. प्रवास संपल्यावर कानात 'ईईई' वाजत असेल तर ती धोक्याची सूचना समजा.

म्हणून पहिला खर्च नीट बसणाऱ्या, वारा कमी आत येऊ देणाऱ्या आयएसआय हेल्मेटवर करा. वाऱ्याचा आवाज जेवढा कमी होईल, तेवढं गाणं कमी ठेवून चालतं. लहान बाईक असेल तर हेल्मेटमध्ये बसणारं ब्लूटूथ इंटरकॉम हा जास्त शहाणपणाचा पर्याय. स्पीकर कानापासून काही सेंटीमीटरवर असतो, बाईकच्या विजेला हात लागत नाही आणि रस्त्यावरच्या बाकीच्यांना तुमची आवडनिवड ऐकावी लागत नाही. तिथेही मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू येईल एवढाच आवाज ठेवा.

बाकीच्यांचा विचार कायदाही करतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र धरली जाते. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र असू शकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) मध्ये आवाजाचे निकष मोडणाऱ्या वाहनासाठी पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

मग पैसे कुठे घालायचे?

क्रम असा ठेवा. आधी फुकटातलं करा: गाण्याचा दर्जा वाढवा, बास बूस्ट बंद करा, गेन नीट लावा, हाय-पास फिल्टर चालू करा, स्पीकरच्या मागच्या फटी बुजवा. अनेकांचं काम इथेच होतं. मग मल्टिमीटर लावून बाईककडे वीज किती शिल्लक आहे ते बघा. वीज पुरेशी नसेल तर अॅम्प्लिफायरचा नाद सोडा आणि हेल्मेटचा इंटरकॉम घ्या. पुरेशी असेल तर चांगली वायर आणि फ्यूज, त्यानंतर जास्त सेन्सिटिव्हिटीचे पावसाळ्यात टिकणारे स्पीकर आणि शेवटी त्यांना साजेसा अॅम्प्लिफायर.

दुकानदाराने "हा घ्या, हजार वॅट आहे" असं म्हटलं, की त्याला तीनच प्रश्न विचारा. आरएमएस किती? सेन्सिटिव्हिटी किती? आणि माझ्या बाईकवर हा किती अँपिअर खाईल? या तिन्हींची उत्तरं सरळ देणाऱ्या दुकानातच खिशात हात घाला.